किनाऱ्याने चालायचंय? आधी तिथी बघा
सोबत वाटाड्या असला की भरतीची काळजी त्याची. गुहागरसारख्या लांब पुळणीवर आपले आपण निघालात, तर जाताना घोट्याएवढा असलेला पऱ्ह्या (ओढा) परतताना कमरेला लागू शकतो.

१. कॅलेंडरात तिथी बघून तिची पाऊणपट करा. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध असो वा वद्य, दिवसा आणि रात्री साधारण त्या सुमारास पूर्ण भरती.
२. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिच्या दोन तास आधी निघा. ओली, घट्ट वाळू मिळते, पाय रुतत नाहीत.

हा अंदाजच, तासभर मागेपुढे धराच. पुनवे-अवसेला पाणी जास्त चढतं. खाडीच्या तोंडाशी मात्र गणित नको, तरीवाल्याला, म्हणजे होडीने पलीकडे सोडणाऱ्याला विचारा.