ओटीटीचे पैसे भरण्याआधी: एका सांगलीकर घराची तयारी

कोणतं अ‍ॅप चांगलं, हा प्रश्न अगदी शेवटी विचारायचा. (ओटीटी म्हणजे नेटवरून मालिका, सिनेमे आणि सामने दाखवणारी ही अ‍ॅप.) आधी एक कोरा कागद घ्या आणि घरात कोण, किती वाजता, कोणत्या पडद्यावर काय बघतं ते लिहून काढा. फोनवर क्रिकेट बघणारा वेगळा आणि हॉलमधल्या टीव्हीवर बघणारा वेगळा, म्हणून पडद्याचा रकाना चुकवू नका. कागदावर पहिलं नाव आजीचं लिहा. बहुतेक घरांत ओटीटी निवडतो तो फोन चांगला चालवणारा मुलगा नाहीतर पैसे भरणारा कर्ता माणूस, आणि दोघंही दिवसभर घराबाहेर असतात. दुपारची जेवणं आवरल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यानंतर टीव्हीसमोर असतात त्या आमच्या सासूबाई. मला तरी हाच क्रम योग्य वाटतो: ज्याचा टीव्हीशी सगळ्यात जास्त संबंध, त्याची सोय आधी.

आजीला विचारताना मालिकेचं नाव विचारू नका, वाहिनी विचारा. मालिका संपते, वाहिनी राहते. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर आणि सन मराठीच्या सन नेक्स्टवर. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने+ हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, त्यामुळे प्रवाह आणि कलर्स दोन्ही बघणाऱ्या घराला आता त्यासाठी दोन अ‍ॅप लागत नाहीत. आजीच्या वाहिन्या दोन कंपन्यांत विभागल्या असतील तर एकीचे पैसे भरा आणि दुसरी आहे त्या केबलवर राहू द्या. ओटीटी घेतलं की केबल काढलीच पाहिजे असं काही नाही. केबलवाल्याला फोन करून नको असलेल्या वाहिन्या तेवढ्या कमी करून घ्या.

मग क्रिकेट. इथे वर्षभराचा प्लॅन घेण्याआधी वेळापत्रक बघा. आयपीएल मार्चच्या शेवटी सुरू होते आणि मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला आटोपते, म्हणजे पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी घेतलेला तीन महिन्यांचा प्लॅन सगळा हंगाम पुरतो. दहावीचं पोरगं घरात असेल तरी हे जमतं, कारण तोवर बोर्डाचे पेपर संपत आलेले असतात. भारतातले आपले सामने, आयपीएल आणि महिलांची डब्ल्यूपीएल हे सगळं सध्या जिओहॉटस्टारवर आहे. आशिया कपाचे हक्क मात्र सोनीकडे, २०३१पर्यंत. सांगलीत डब्ल्यूपीएलला वेगळी ओळ हवीच. स्मृती मानधना इथेच लहानाची मोठी झाली, २०२४ साली तिच्या कप्तानीत बंगळुरूने ती स्पर्धा जिंकली, आणि आता गल्लीतल्या मुलीही बॅट घेऊन मैदानावर जाताना दिसतात. घरात अशी एखादी मुलगी असेल तर वर्षाच्या सुरुवातीचे महिने तिच्यासाठी मोकळे ठेवा. फक्त आयपीएलपुरता प्लॅन घेतला तर तिचे सामने त्यातून सुटतात.

नाटकाचंही लिहून ठेवा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावातल्या माणसाला चित्रित नाटक बघायची हौस असणारच. आमचे सासरे रविवारी दुपारी तेच शोधत असतात. कोणतंही अ‍ॅप घेण्याआधी त्यात शिरून नाटक आणि मराठी हे शब्द टाकून बघा, पैसे न भरताही यादी दिसते. अल्ट्रा झकाससारखी फक्त मराठीची अ‍ॅपही आहेत. ती कमीत कमी मुदतीसाठी घ्या, हवं ते बघून झालं की थांबा आणि काही महिन्यांनी नवीन आलं की पुन्हा घ्या. प्रसार भारतीचं वेव्हज हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४पासून आहे. ते फुकट उतरवता येतं आणि त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या व जुने कार्यक्रम मिळतात. पैसे भरण्याआधी असं फुकटातलं काय आहे ते बघून घ्यावं.

आता कपाटातून रिचार्जच्या पावत्या काढा, किंवा मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आपला प्लॅन उघडून शेवटपर्यंत वाचा. घरातल्या प्रत्येक नंबरचा. बऱ्याच रिचार्जमध्ये आणि फायबरच्या प्लॅनमध्ये एखादं ओटीटी आधीच दिलेलं असतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात ते इथेच. पण रिचार्जबरोबर आलेला प्लॅन पुष्कळदा फक्त मोबाइलवर चालणारा असतो, टीव्हीवर तो उघडतच नाही. आजीचा पडदा टीव्ही असेल तर त्या फुकटाचा तिला उपयोग नाही. तो नातवाच्या खात्यात लिहा.

टीव्हीची मापंही कागदावर हवीत. बत्तीस इंची टीव्ही बहुधा एचडी रेडी असतो, त्यावर फोर-के चित्र दिसूच शकत नाही, मग त्याचे जादा पैसे कशाला? डिसेंबर २०२१मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइलचा महिन्याला १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये होता. त्यातला मोबाइल प्लॅन फोन आणि टॅबपुरता, बेसिकला आता ७२०पी (हा चित्राच्या स्पष्टतेचा आकडा, फोर-के सगळ्यात वर) आणि एका वेळी एकच पडदा, स्टँडर्डला १०८०पी आणि दोन, प्रीमियमला फोर-के आणि चार. भरण्याच्या दिवशी दर पुन्हा बघून घ्यावेत, पण पायऱ्यांचा अर्थ असा असतो. बत्तीस इंची टीव्ही आणि एका वेळी एकच बघणारा असेल तर बेसिकच्या वर जायचं कारण नाही.

पडदे मोजताना शिकायला बाहेर असलेली मुलं विसरू नका. सांगली-मिरजेच्या निम्म्या घरांतलं कुणीतरी पुण्यात खोली करून राहतं आणि घरचा पासवर्ड वापरतं. नेटफ्लिक्सने जुलै २०२३पासून भारतातही एक खातं एका घरापुरतं असा नियम लावला आहे. पुण्याची खोली त्यांच्या हिशेबाने दुसरं घर. अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर एका खात्याला पाच उपकरणं चालतात, त्यांत टीव्ही दोनच. म्हणून पुण्यातल्या मुलाला आधी फोन करा, तो खरंच काय बघतो ते विचारा. त्याच्या रिचार्जमध्ये त्याचं भागत असेल तर घरच्या प्लॅनमध्ये त्याच्यासाठी जागा धरू नका. भागत नसेल तर त्याला सरळ मोबाइलचा छोटा प्लॅन घेऊन द्या. एका घराच्या प्लॅनवर दोन गावं चालवायला गेलं की नेमका आजीचा टीव्ही बंद पडतो आणि तिला कारणही कळत नाही.

प्राइमबद्दल आणखी एक. १७ जून २०२५पासून त्यात जाहिराती येतात. त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ वेगळे भरायचे, आणि सभासदत्वाचे वर्षाचे १४९९ असतातच. घरात सामान मागवायला प्राइम आधीपासून असेल तर व्हिडिओ आयता मिळतो. नसेल तर नुसत्या व्हिडिओसाठी बेरीज करून बघा. जिओहॉटस्टारच्याही मधल्या प्लॅनमध्ये जाहिराती असतात, आणि सगळ्यात वरचा घेतला तरी थेट सामन्यांत त्या राहतातच. केबलवर इतकी वर्षं जाहिराती बघितलेल्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही. आजीला विचारा, ती बहुधा नको म्हणणार नाही आणि तुमचे पैसे वाचतील.

नेटचा वेग टीव्हीच्या जागेवर आणि रात्री नऊच्या सुमारास तपासा. सकाळी राउटरशेजारी उभं राहून घेतलेला आकडा कामाचा नाही. एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ पुरतात, पण ते टीव्हीपर्यंत पोचले पाहिजेत. सांगलीच्या खणभागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती दोन झाल्या की सिग्नल निम्म्यावर येतो. अशा वेळी मोठ्या प्लॅनपेक्षा राउटरपासून टीव्हीपर्यंत ओढलेली लॅनची वायर जास्त उपयोगी. फायबर नसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालणार असेल तर हिशेब वेगळा होतो. एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत जातात, म्हणजे दिवसाचा दीड जीबी अर्ध्या तासात संपतो. त्या घराने फोनवर कमी दर्जात बघावं नाहीतर आधी फायबर घ्यावं.

मे महिन्यात वळीव आला की लाइट जाते आणि ती हमखास सामन्याच्या वेळी जाते. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या लाइनवर आहे ना ते बघा. नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, फोनवर तरी सामना चालू राहील.

मुलांसाठी वेगळं प्रोफाइल आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, हे पहिल्याच दिवशी करा. केंद्र सरकारच्या २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण द्यावी लागते आणि तेरा वर्षांपुढच्या गोष्टींना कुलपाची सोय द्यावी लागते. ते कुलूप लावायचं काम मात्र आपलं.

रिमोटचंही त्याच दिवशी. आजीच्या अ‍ॅपचं स्वतंत्र बटण असेल तर त्याच्या शेजारी लाल टिकली चिकटवा. मीही तेच केलं आहे, आणि सासूबाई आता कुणाला हाक न मारता आपली मालिका लावतात. बटण नसेल तर टीव्हीच्या पहिल्या पानावर ते अ‍ॅप अगदी डावीकडे आणून ठेवा. माइकचं बटण दाबून मराठीत नाव घ्यायला एकदा शांतपणे शिकवा. घाई केली तर ती पुन्हा विचारणार नाही, आणि ते मला फार वाईट वाटतं.

आता पैसे. कोणाच्या यूपीआयवरून किंवा कार्डावरून कापले जाणार ते ठरवा आणि ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. पंधरा हजारांपर्यंतची नेमाने जाणारी रक्कम ओटीपीशिवाय कापली जाते, मात्र चोवीस तास आधी कळवणं बंधनकारक आहे, म्हणून तो मेसेज न वाचता पुसू नका. अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे सभासदत्व बंद झालं असं होत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून तिथे रद्द करा, आणि प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरमधून. बंद करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणं हे नोव्हेंबर २०२३च्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अनुचित ठरवलं आहे. कुणी अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास रुपयांत कुणाचं तरी खातं विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. पासवर्ड दुसऱ्याच्या हातात असतो.

पैसे भरले की भिंतीवरच्या कॅलेंडरात मुदत संपायच्या तीन दिवस आधीच्या चौकोनात अ‍ॅपचं नाव, रक्कम आणि कुणाच्या फोनवरून जातात ते पेनाने लिहा. त्या तारखेला पहिला कागद काढून बघा. ज्याच्या नावासाठी ते अ‍ॅप घेतलं होतं त्याने शेवटच्या महिन्यात ते उघडलं नसेल, तर त्याला विचारून त्याच दिवशी रद्द करा. भरलेली मुदत संपेपर्यंत ते बहुधा चालूच राहतं.