कार्ड की सीपीयू: डिस्क्रिप्टर कुणाच्या ताब्यात?

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहायचाय असं कुणी नवखं म्हणालं, की मी आधी विचारते, "सी पक्कं आहे ना? पॉइंटरची भीती गेली ना?" होकार आला की बाकीचं शिकता येतं. नेटवर्किंगची जाडजूड पुस्तकं संपवून मग सुरुवात करू म्हणालात, तर वर्ष निघून जाईल. टीसीपीचं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बघून घेतं. ड्रायव्हरने पॅकेट कार्डापर्यंत न्यायचं आणि कार्डाकडून आणायचं, आणि सगळी मेख या ने-आणीतच आहे.

विहिरीवरचं रहाटगाडगं डोळ्यांपुढे आणा. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. कार्डाची रिंग तशीच. मेमरीत डिस्क्रिप्टरांची, म्हणजे छोट्या नोंदींची, गोल माळ असते. प्रत्येकात बफरचा पत्ता, लांबी आणि काही बिट. येणारं पॅकेट कार्ड डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, थेट बफरमध्ये ओततं, ड्रायव्हर ते उचलून वर देतो आणि रिकामा बफर परत लावतो. हे गाडगं आत्ता कार्डाच्या ताब्यात आहे की सीपीयूच्या, हे दर क्षणी पक्कं ठाऊक हवं. बऱ्याच कार्डांत त्यासाठी एक बिट असतो, त्याला 'ओन' बिट म्हणतात.

या बिटानेच माझे तीन आठवडे खाल्ले. माझा ड्रायव्हर एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) मशीनवर रात्रभर विनातक्रार चालला. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर टाकला, तर पिंग ठीक, पण मोठी फाइल पाठवली की वेग कोसळायचा. समोरच्या मशीनवर टीसीपीडंप हे पॅकेटं दाखवणारं साधन लावलं, तेव्हा मधूनच कचरा किंवा आधी गेलेलं जुनंच पॅकेट येताना दिसलं. मागे मोजत गेले, तर ते बरोबर २५६ पॅकेटांपूर्वीचं. माझी रिंगही २५६चीच! म्हणजे त्याच डिस्क्रिप्टरमधला मागच्या फेरीचा पत्ता कार्ड वाचत होतं. कोडमध्ये मी आधी पत्ता आणि लांबी, मग ओन बिट असंच लिहिलं होतं. पण एआरएमवर हे लिखाण त्याच क्रमाने मेमरीत पोचेल याची हमी नसते. एक्स८६ तो क्रम सांभाळत असल्याने तिथे चूक झाकली गेली होती. ओन बिटाच्या आधी डीएमए राइट बॅरियरची, म्हणजे आधीचं लिखाण पोचल्याशिवाय पुढचं होऊ न देणारी, एक ओळ घातली आणि बोर्ड शांत झाला. पॅकेट घेतानाही हेच: आधी ओन बिट वाचायचा, मग रीड बॅरियर, आणि मगच लांबी.

दुसरी शिकायची गोष्ट नापी, म्हणजे पॅकेटं घोळक्याने उचलण्याची कर्नलची पद्धत. एक गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची फ्रेम सेकंदाला सुमारे १४.८८ लाख वेळा येऊ शकते. प्रत्येकीला इंटरप्ट (सीपीयूला हातचं काम थांबवायला लावणारा इशारा) दिला तर सीपीयू दुसरं काहीच करू शकणार नाही. म्हणून पहिल्या इंटरप्टला पुढचे इंटरप्ट बंद करून पोलिंग, म्हणजे आपणच जाऊन पॅकेट आलंय का पाहणं, सुरू करायचं. एका खेपेला सहसा ६४ पॅकेटं. त्याहून कमी मिळाली की काम संपल्याचं सांगून इंटरप्ट पुन्हा चालू.

सरावाला नवं कार्ड विकत घेऊ नका. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये इंटेलचं ई१००० कार्ड मिळतं आणि त्याचं मॅन्युअल इंटेलने खुलं ठेवलंय. व्हर्च्युअल मशीन दहा वेळा कोसळलं तरी बिघडत नाही. पण वर सांगितलेली चूक तिथे पकडली जाईलच असं नाही, म्हणून पुढे एखादा एआरएम बोर्ड हाताशी हवाच. वाचायला रिअलटेक ८१३९चा ड्रायव्हर घ्या. पाठवायला चारच डिस्क्रिप्टर असलेलं हे जुनं कार्ड समजायला फार सोपं आहे. कर्नल बांधताना डीएमए एपीआय डीबग (डीएमएच्या वापरातल्या चुका पकडणारं) आणि केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) चालू ठेवा.

कर्नलकडे पॅच (कोडमधला बदल) पाठवताना दुरुस्ती 'नेट' या शाखेसाठी, नवं काम 'नेट-नेक्स्ट'साठी. मर्ज विंडोचे (नवं काम मुख्य कर्नलमध्ये घेण्याच्या काळाचे) साधारण दोन आठवडे नेट-नेक्स्ट बंद असते, तेव्हा नवं काम पाठवायचं नाही. शेरे आले की घाईने लगेच दुसरी आवृत्ती धाडू नका, किमान २४ तास थांबा.

पहिला पॅच शोधायचा असेल, तर एखाद्या जुन्या ड्रायव्हरचं पाठवण्याचं फंक्शन उघडा आणि डीएमए मॅपिंग (बफर कार्डाला वापरता येईल असा पत्ता मिळवणं) फसलं तर काय होतं ते पाहा. तपासणीच नसेल, किंवा पॅकेटचे तीन तुकडे मॅप होऊन चौथा फसल्यावर आधीचे तीन सोडवलेले नसतील, तर तुमचं काम तिथेच आहे.