जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेण्याआधी लेन्स तपासा

लग्नसराई आटोपली की जळगाव-धुळ्याकडच्या फोटोग्राफर मंडळींत एक विषय हमखास निघतो: २४ मेगापिक्सेलवरून ४५ वर जायचं का? बॉडीचे, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचे, पैसे मोजण्याआधी आपल्या लेन्सची चाचणी घरीच घ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी हिशेब. २४ चे ४५ झाले म्हणजे बारकावा दुप्पट होत नाही. वाढलेले पिक्सेल रुंदी आणि उंची दोन्हींत वाटले जातात, त्यामुळे वाढ जेमतेम १.३७ पट, तीही लेन्सने साथ दिली तर. शिवाय अल्बमचं १२ बाय १८ इंची पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात.

आता चाचणी. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं जोडपान भिंतीवर सपाट चिकटवा, एकही सुरकुती नको. ते फ्रेमभर येईल अशा अंतरावर ट्रायपॉड लावा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. इथे हयगय झाली तर कोपरे धूसर येतात आणि बोल लेन्सला लागतो. आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर दिसणारं चित्र) मोठा करून फोकस हातानेच करा. मग सगळ्यात मोठ्या अपर्चरपासून (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/१६ च्या बारीक छिद्रापर्यंत एकेक स्टॉप बदलत, म्हणजे दर वेळी प्रकाश निम्मा करत, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढा.

कॉम्प्युटरवर १०० टक्के करून आधी मधली अक्षरं बघा, मग चारही कोपरे. काळ्या अक्षराची कड एक-दोन पिक्सेलांत संपत असेल तर लेन्समध्ये अजून दम आहे. एफ/८ लाही ती चार-पाच पिक्सेल पसरत असेल, तर नवा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) तोच धूसरपणा मोठ्या फाइलमध्ये साठवणार. अगदीच फायदा नाही असं नाही, थोडा होतो. पण त्या किमतीला नाही. एकच कोपरा खराब असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, ती दुरुस्तीला द्या. एफ/१६ ला मात्र सगळ्याच लेन्स मऊ पडतात: प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना पसरण्याने) तिथे एका बिंदूचा साधारण २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो आणि ४५ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) पिक्सेल असतो सुमारे ४.४ मायक्रॉनचा, म्हणजे ठिपका जवळपास पाच पिक्सेलांवर पसरतो.

नवरदेवाच्या सुटाच्या बारीक विणीवर रंगीत पट्टे उमटतात का, तेही जुन्या फोटोंत शोधा. उमटत असतील तर लेन्स सेन्सरला भारी पडतेय, म्हणजे सेन्सरला टिपता येईल त्याहून बारीक तपशील देतेय. तिथे खुशाल बॉडी बदला. नाहीतर मित्राकडून साधी ५० एमएम एफ/१.८ मागून आणा, एफ/५.६ ला हीच चाचणी करा आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सशी ताडून बघा.

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर पक्षी टिपणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. एप्रिल-मेच्या उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या झळा दूरचं चित्र हलवतात, तिथे महागडी टेलिलेन्सही हात टेकते. त्या फोटोंवरून लेन्सची परीक्षा करू नका. सकाळी ऊन तापायच्या आत जा आणि पक्षी जितका जवळ मिळेल तितका घ्या.