उमेदवाराच्या कुत्र्याची गोष्ट कशी तपासावी

अमेरिकेतल्या निवडणुकांत उमेदवाराची जुनी भाषणे, जुने हिशेब आणि जुनी मैत्री यांच्याबरोबर त्याने कधीकाळी पाळलेला कुत्राही उकरून काढला जातो, आणि पुष्कळदा धोरणांवरच्या लेखांपेक्षा त्या कुत्र्याचीच गोष्ट मतदारांच्या लक्षात राहते. रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतणारे एकनाथ महाराज ज्यांनी लहानपणी ऐकले आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये; मुक्या जनावराशी माणूस कसा वागतो यावरून त्याची पारख करण्याची सवय आपल्यालाही आहे. ही सवय मुळात चुकीची नाही. ज्याला तक्रार करता येत नाही आणि मतही देता येत नाही, अशा जिवाशी सत्तेची आकांक्षा असलेला माणूस कसा वागला, हे पाहण्याजोगेच आहे. मात्र शितावरून भाताची परीक्षा करायची तर ते शीत त्याच भातातले आहे ना, याची खात्री आधी करावी लागते. अशी गोष्ट कानावर आल्यावर ती कशी तपासावी आणि तिला किती वजन द्यावे, याची एक पद्धत पुढे मांडली आहे. अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले मतदार झालेल्या मराठी मंडळींना ती प्रत्यक्ष उपयोगी पडेल.

पहिले काम म्हणजे एका ओळीत फिरणारी गोष्ट बाजूला ठेवून संपूर्ण हकीकत मिळवणे. ‘मिट रोम्नी यांनी कुत्र्याला गाडीच्या टपावर बांधले’ हे वाक्य २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत घरोघरी पोहोचले होते; रोम्नी त्या निवडणुकीत ओबामांविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते. मूळ घटना १९८३ ची. रोम्नी, त्यांच्या पत्नी आणि पाच मुलगे बॉस्टनहून कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ह्युरॉन सरोवराच्या काठी सुटीसाठी निघाले होते. प्रवास सुमारे १२ तासांचा होता. गाडीत जागा नव्हती, म्हणून शेमस नावाच्या आयरिश सेटर कुत्र्याला प्रवासी पेटीत घालून ती पेटी टपावर घट्ट बांधली होती, आणि त्याला वारा झोंबू नये म्हणून रोम्नींनी पुढच्या बाजूला आडोसाही केला होता. वाटेत मागच्या काचेवरून तपकिरी ओघळ येताना थोरल्या मुलाला दिसला. कुत्र्याला जुलाब झाले होते. रोम्नींनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, पाण्याची नळी मागून घेतली, कुत्रा आणि गाडी दोन्ही धुतले, कुत्र्याला पुन्हा पेटीत घातले आणि पुढचा रस्ता धरला.

पूर्ण हकीकत कळल्यावर दोन गोष्टी बदलतात. कुत्रा उघड्यावर दोरीने बांधला होता, ही समजूत दूर होते आणि आरोप सौम्य होतो. पण त्याच वेळी दुसरीकडे तो अधिक गंभीरही होतो. पेटी टपावर ठेवणे हा अविचार मानता येतो, कारण निघताना काय होईल याचा नेमका अंदाज कुणालाच नसतो. जुलाब झालेला कुत्रा डोळ्यांनी पाहिल्यानंतर त्याला धुऊन परत त्याच जागी चढवणे हा मात्र माहिती हाती आल्यावर घेतलेला निर्णय होता. माझ्या मते वजन द्यायचे ते त्या पेट्रोल पंपावरच्या काही मिनिटांना. अशा प्रत्येक गोष्टीत त्रास लक्षात येण्याच्या आधीचे वागणे आणि नंतरचे वागणे वेगळे काढावे, आणि पारख करताना नंतरच्याकडेच अधिक लक्ष द्यावे.

दुसरे म्हणजे गोष्ट कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली हे पाहावे. शेमसची हकीकत विरोधकांनी खणून काढलेली नव्हती. २००७ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने रोम्नींवर मोठी लेखमाला छापली, तिच्यात संकटकाळी भावनावश न होता मार्ग काढणारा माणूस याचे उदाहरण म्हणून ती आली, वाचकांनी तिचा अर्थ उलटा लावला. याहून बोलके उदाहरण क्रिस्टी नोएम यांचे आहे, कारण तिथे सांगणारी व्यक्ती उमेदवार स्वतःच होती. दक्षिण डकोटाच्या राज्यपाल असताना आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव चर्चेत असताना, २०२४ मध्ये प्रसिद्ध होणाऱ्या आपल्या पुस्तकात त्यांनी सुमारे २० वर्षांपूर्वीची घटना लिहिली. क्रिकेट ही त्यांची १४ महिन्यांची शिकारी कुत्री. तिने तितरांसारख्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा विचका केला, परतीच्या वाटेवर दुसऱ्या कुटुंबाच्या कोंबड्या मारल्या आणि आवरायला गेलेल्या नोएम यांनाही चावण्याचा प्रयत्न केला. नोएम यांनी तिला खडीच्या खाणीत नेऊन गोळी घातली. त्याच दिवशी घरच्या एका बोकडालाही त्यांनी तिथे नेले. पहिल्या गोळीत तो मेला नाही, तेव्हा त्या गाडीपर्यंत जाऊन दुसरे काडतूस घेऊन आल्या. राजकारणात आणि शेतावर जे अवघड आणि ओंगळ काम करावे लागते ते करायला आपण कचरत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी हा प्रसंग लिहिला होता. माणसाने स्वतःहून, स्वतःच्या गौरवासाठी निवडलेली गोष्ट ही त्याच्यावर कुणी लादलेल्या गोष्टीपेक्षा भक्कम पुरावा असते, कारण कोणती गोष्ट अभिमानाची आहे हे ठरवण्यात त्याचे आजचे मन दिसते.

त्यानंतर त्या माणसासमोर पर्याय कोणते होते, हे प्रामाणिकपणे मांडावे. इथे शहरी वाचकाने जरा सावध राहावे. गुरांवर किंवा कोंबड्यांवर धावणारा कुत्रा मारण्याची मुभा अमेरिकेतल्या अनेक शेतीप्रधान राज्यांच्या कायद्यात आहे, आणि नोएम यांनीही आपल्या बचावात दक्षिण डकोटाच्या कायद्याचा हवाला दिला होता. म्हणून ‘गोळी घातली’ एवढ्यावरून निकाल देऊ नये. दीड वर्षाचीही न झालेली कुत्री दुसऱ्या कुणाला देता आली असती का, तिच्या प्रशिक्षणात कसर कोणाची राहिली, असे प्रश्न विचारावेत. मला स्वतःला त्या प्रकरणात कुत्रीपेक्षा बोकड जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याने कुणाच्या कोंबड्या मारल्या नव्हत्या. तो घाण वास मारत होता, मुलांच्या अंगावर धावून जात होता, आणि एक अप्रिय काम चालूच आहे तर दुसरेही उरकून घ्यावे, असा विचार त्या दिवशी झाला. कुत्रीच्या बाबतीत नाइलाजाचा युक्तिवाद निदान करता येतो. बोकडाच्या बाबतीत त्याच दिवशी तसे करण्याची निकड कुठली, हे सांगणे कठीण आहे.

पर्यायांचा विचार करताना वयही मोजावे लागते. बराक ओबामा यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की लहानपणी इंडोनेशियात राहत असताना सावत्र वडिलांनी त्यांना कुत्र्याचे मांस खाऊ घातले होते. २०१२ मध्ये रोम्नींच्या समर्थकांनी शेमसला उत्तर म्हणून हे वाक्य पुढे केले. ताटात वाढलेले खाणाऱ्या लहान मुलाच्या वागण्यावरून पन्नाशीतल्या राष्ट्राध्यक्षाचे चारित्र्य ठरत नाही, त्यामुळे ही गोष्ट तपासणीच्या याच पायरीवर बाद होते.

चौथी पायरी मला सर्वांत फलदायी वाटते: आज त्या घटनेबद्दल तो माणूस काय बोलतो, ते ऐकावे. एप्रिल २०१२ मधल्या दूरचित्रवाणी मुलाखतीत रोम्नींना विचारण्यात आले की पुन्हा असे कराल का. या प्रकरणाला जी प्रसिद्धी मिळाली ती पाहता नक्कीच करणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. हे उत्तर नीट वाचावे. त्यात कुत्र्याचा उल्लेख नाही. त्रास झाला तो प्रसिद्धीमुळे, असा त्याचा सूर आहे. नोएम यांनी दिलगिरी व्यक्त करण्याऐवजी शेतावर असे कठोर निर्णय घ्यावेच लागतात असे सांगितले, आणि काही आठवड्यांपूर्वीच तीन घोडेही मारावे लागल्याची भर घातली. याउलट टेनेसीचे माजी सिनेटर बिल फ्रिस्ट यांचे प्रकरण पाहावे. हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना प्रयोगांसाठी मांजरे कमी पडली, तेव्हा पाळण्याच्या बहाण्याने बॉस्टनच्या प्राणिनिवाऱ्यांतून मांजरे आणून आपण ती प्रयोगशाळेत कापली, हे त्यांनी १९८९ मध्ये, राजकारणात येण्याच्या आधीच, स्वतःच्या पुस्तकात लिहिले आणि ते कृत्य नीच आणि अप्रामाणिक होते असेही तिथेच म्हटले. कृत्य म्हणून पाहिले तर फ्रिस्ट यांचे वर्तन तिघांत सर्वांत वाईट, कारण त्यात निवाऱ्यातल्या माणसांची फसवणूकही आहे. कबुली म्हणून पाहिले तर तिघांत त्यांचीच स्वच्छ. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात; एकीने दुसरी पुसू नये.

पाचवे, प्राण्याशी झालेले वर्तन त्याच माणसाच्या इतर माणसांशी झालेल्या वर्तनाशी जुळते का, हे तपासावे. जुळत असेल तरच त्यातून स्वभाव दिसतो. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पाहुण्यांसमोर आपला बीगल जातीचा कुत्रा कान धरून उचलला, छायाचित्र छापून आले आणि देशभरातून संतापाची पत्रे आली. जॉन्सन सिनेटरांच्या अंगावर ओणवे होऊन, दंड पकडून, चेहऱ्याला चेहरा भिडवून त्यांच्याकडून मते वळवत, हे सर्वश्रुत होते. त्यामुळे ते छायाचित्र त्यांच्या एकूण वागण्याशी सुसंगत ठरते. पण त्याच वर्षी २ जुलैला त्याच जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली आणि तो संमत करून घेण्यात त्यांचा तोच धसमुसळेपणा कामी आला होता. म्हणजे गोष्ट स्वभाव बरोबर दाखवते, तरी त्या स्वभावाचा देशाला उपयोग काय होईल हे तेवढ्यावरून कळत नाही. नोएम यांच्या बाबतीत जुळवणीसाठी फार लांब जावे लागत नाही: त्याच पुस्तकात उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना भेटल्याचा दावा होता आणि तो पुढे काढून टाकावा लागला. मतदाराने बोकडाइतकाच वेळ त्या परिच्छेदालाही द्यावा.

उलट्या बाजूने येणाऱ्या गोष्टींनाही हीच कसोटी लावावी, कारण कुत्रा हे बचावाचे उत्तम साधन आहे. २३ सप्टेंबर १९५२ रोजी समर्थकांनी जमवलेल्या सुमारे १८ हजार डॉलरच्या निधीवरून अडचणीत आलेले उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांनी दूरचित्रवाणीवर भाषण केले आणि टेक्सासहून भेट आलेला चेकर्स हा कुत्रा मुलींना आवडतो, तेव्हा काही झाले तरी तो परत करणार नाही, असे सांगून प्रेक्षकांची मने जिंकली. मूळ प्रश्न कुत्र्याचा नव्हताच. (बरोबर आठ वर्षांपूर्वी त्याच तारखेला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या फाला या कुत्र्यावरून विरोधकांची खिल्ली उडवली होती; फालाला आणायला युद्धनौका पाठवल्याची अफवा विरोधकांनी पसरवली होती.) प्राण्यांवरची माया हा चांगुलपणाचा दाखला नव्हे, हे सांगायला तर एकच उदाहरण पुरे: ब्लाँडी या कुत्रीवर जीव असलेल्या हिटलरच्या राजवटीने नोव्हेंबर १९३३ मध्ये प्राणिसंरक्षणाचा सविस्तर कायदा केला होता, आणि एप्रिल १९४५ मध्ये सायनाइडची मात्रा चालते की नाही हे पाहण्यासाठी ती त्याच ब्लाँडीला देण्यात आली.

शेवटी निष्कर्ष काढण्याआधी नावांची अदलाबदल करून गोष्ट पुन्हा वाचावी. जानेवारी २०१२ मध्ये ओबामांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी गाडीत शेजारी बसलेल्या बो या कुत्र्यासह ओबामांचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि मायाळू मालक कुत्र्याला असे नेतात, अशी ओळ त्याखाली लिहिली. एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजूने इंडोनेशियातले ताट पुढे आले. टपावरची ती पेटी आपल्या आवडत्या उमेदवाराच्या गाडीवर असती तर आपण तिच्याबद्दल काय म्हटले असते, हे एका कागदावर लिहून काढावे आणि मगच रोम्नींबद्दलचे मत त्याच्या शेजारी लिहावे.