आंब्याची मेल इनबॉक्समध्ये पोचवायची तर मोहोरापासून सुरुवात करा

देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट मुंबई-पुण्यातल्या घरांत जातात. बऱ्याच ऑर्डरी ई-मेलवरून येतात आणि ते काम माझ्याकडे आहे. ओळखीचे बागायतदार विचारतात, "आमची मेल स्पॅममध्ये का जाते? मजकुरात काय बदलू?" मी त्यांना आधी तारखा विचारते. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत काहीच पाठवायचं नाही आणि मार्चमध्ये एका सकाळी अख्ख्या यादीला "आंबा आला" पाठवायचं, असंच बहुतेकांचं चालतं. जीमेलच्या यंत्रणेला त्यातलं काय दिसतं? नऊ महिने गप्प असलेल्या पत्त्यावरून एकदम हजारो मेल. कुणी खातं चोरून वापरायला लागलं तरी असंच दिसतं. हंगामी धंद्याची मेल अडकते ती मुख्यतः इथे.

पण त्याआधी पायाचं काम उरकून घ्या, ते एका दुपारचं आहे. मेल स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे @ च्या पुढे तुमचंच नाव असलेल्या पत्त्यावरून पाठवा. मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स अशा, अख्ख्या यादीला मेल पाठवणाऱ्या सेवेतून पाठवताना प्रेषक म्हणून फुकटचा जीमेल पत्ता टाकू नका. तुमच्या वतीने जीमेलच्या नावाने पाठवायची परवानगी त्या सेवेकडे नसते, त्यामुळे तपासणीत मेल नापास होते. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती इतर सर्व्हरना सांगणारी नोंदवही) तीन नोंदी लागतात: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. एसपीएफमध्ये तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी असते. एका डोमेनला ही नोंद एकच हवी. नवी सेवा घेतली म्हणून दुसरी नोंद वेगळी टाकली तर एसपीएफच मोडतं. जुन्या ओळीतच भर घालायची, आणि त्या ओळीतून होणारी डीएनएस विचारणा १० च्या वर जाऊ द्यायची नाही. डीकिम ही प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. सेवा देते ती किल्ली जशीच्या तशी चिकटवायची. डीमार्क सांगतं की या तपासण्यांत मेल नापास झाली तर समोरच्याने तिचं काय करायचं. सुरुवातीला धोरण 'नन' (काहीच करू नका) ठेवा आणि अहवाल यायला एक पत्ता द्या.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. जीमेलच्या हिशेबाने दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल जीमेल खात्यांवर पाठवणारा तो घाऊक. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या पत्त्यांसाठी मे २०२५ पासून तशीच अट घातली. तुमची यादी पाचशेची असली तरी तिन्ही नोंदी करा. झाल्या की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, संगणकावर ती उघडून तीन टिंबांच्या यादीतलं 'शो ओरिजिनल' दाबा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. ऑर्डरची पावती आणि "पेटी निघाली" ही मेल शक्यतो वेगळ्या उपडोमेनवरून (त्याच डोमेनच्या पोटातलं दुसरं नाव) पाठवा. जाहिरातीच्या मेलला काही झालं तरी गिऱ्हाइकाची पावती अडकता कामा नये.

आता तारखा. झाडाला मोहोर आला की पहिली मेल जाते, आणि ती फक्त मागच्या हंगामात पेटी घेतलेल्यांना. त्यात विकायला काही नसतं. मोहोर किती, थंडी कशी, काढणी कधीच्या सुमारास, एवढंच. ही माणसं मेल उघडतात आणि उत्तरंही लिहितात. दोन-तीन दिवसांनी तीच मेल त्यांना, ज्यांनी गेल्या वर्षी घेतलं नाही पण एखादा दुवा तरी दाबला होता. पुढच्या आठवड्यात आणखी एक तुकडी. असं वाढवत मार्चपर्यंत पूर्ण यादी गाठायची. वाटेत ४२१ ने सुरू होणारा नकार यायला लागला तर समोरचा सर्व्हर "जरा हळू" म्हणतोय. त्या दिवशी थांबा. ५५० सोबत 'असा पत्ता नाही' आलं तर तो पत्ता त्याच दिवशी यादीतून काढा. "एकदा परत पाठवून बघू" करू नका, मेलेल्या पत्त्यांवर पाठवत राहणं हीच स्पॅमरची खूण धरली जाते.

उत्तर मागा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. आमच्या मोहोराच्या मेलच्या शेवटी एकच प्रश्न असतो: "यंदा पेटी कुठल्या पिनकोडवर हवी?" गाडीचा मार्ग ठरवायला मला ते लागतंच. शिवाय ज्याने एकदा उत्तर लिहिलं त्याच्याकडे पुढची मेल सहसा नीट पोचते, असा माझा अनुभव आहे. म्हणून 'नो-रिप्लाय' पत्ता कधीही वापरू नका.

यादी कुठून आणता यावर बाकी सगळं अवलंबून आहे. विकत मिळणारी "मुंबईतल्या ५०,००० उच्चभ्रूंची यादी" घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. अशा याद्यांत सापळ्याचे पत्तेही असतात. ते कुठल्याच माणसाचे नसतात, न विचारता पाठवणारा पकडायला ठेवलेले असतात. गूगल तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवायला सांगतं, आणि खरं तर ०.१ च्या आत. म्हणजे हजारात तीन जणांनी 'स्पॅम' दाबलं की तुम्ही कड्यावर. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची मागतो, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं म्हणतो. तेव्हा 'मेल नको' चा दुवा ठळक ठेवा. घाऊक पाठवणाऱ्याला तर एका क्लिकची सोय द्यावीच लागते आणि दोन दिवसांत नाव काढावं लागतं. जाणाऱ्याला सुखाने जाऊ द्या. त्याला दार सापडलं नाही तर तो 'स्पॅम' दाबतो, आणि त्याची किंमत इतर सगळ्या गिऱ्हाइकांच्या मेलला पडते.

मजकुराबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. आपल्याकडे छापखान्यातून देखणं पोस्टर करून घेतात आणि तेच एक चित्र मेलमध्ये टाकतात. चित्र बंद असलेल्या फोनवर ती मेल कोरी दिसते, त्यातला भाव कुणाला शोधता येत नाही, आणि नुसत्या चित्राच्या मेलकडे स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणाही संशयाने बघतात. भाव, पेटीचा आकार, तारीख हे युनिकोड मराठीत (फोनवर टाइप होते तशी) टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर समोर अगम्य चिन्हं उमटतात, तो आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

दुसरी गोष्ट आकाराची. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढची मेल कापते. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतं, आणि त्यात काना-मात्रा वेगळे मोजले जातात. काही संपादक मराठी अक्षरं आकड्यांच्या कोडमध्ये बदलतात, मग एकेका चिन्हाला ७ बाइट पडतात. इंग्रजीत सहज मावणारी मेल मराठीत कापली जाते ती अशी, आणि कापला जातो तो शेवटचा भाग, जिथे 'मेल नको' चा दुवा असतो. मेल आटोपशीर ठेवा. वर्डमधून थेट चिकटवू नका, त्यासोबत फालतू कोडही येतं.

विषयाच्या ओळीत बातमी द्या. "खास ऑफर!!!" पेक्षा "पहिली काढणी झाली, पाच डझनी पेटी शुक्रवारी निघेल" ही ओळ आमच्याकडे कायम जास्त चालली. मेल 'प्रमोशन्स' कप्प्यात गेली म्हणून घाबरू नका, तो कप्पा इनबॉक्सचाच भाग आहे. आंबा हवा असलेला माणूस तिथे बघतो.

मेल आणखी लोकांपर्यंत न्यायची तर "ही मेल पुढे पाठवा" असं लिहू नका. पुढे पाठवलेल्या मेलमध्ये मूळ माणसाचा 'मेल नको' चा दुवा जातो; सोसायटीतल्या कुणी तो दाबला की नाव तुमच्या गिऱ्हाइकाचं जातं. प्रत्येक मेलची वेबवरची प्रत असते, तिचा दुवा द्या आणि त्या पानावर नाव नोंदवायची चौकट ठेवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो दुवा भराभर फिरतो. पेटीत गवतावर आम्ही एक कार्ड ठेवतो: अढीतला आंबा कधी खायचा, साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला तर काय करायचं, आणि खाली क्यूआर कोड. पेटी घरात आली की शेजारी, जावा-नणंदा सगळे ते कार्ड वाचतात. नोंद केल्यावर खात्रीची एक मेल जाते आणि तिच्यातला दुवा दाबला तरच नाव यादीत चढतं. चुकीचे पत्ते तिथेच गळतात.

परदेशातल्या मराठी माणसांची तुकडी वेगळी करा. न्यू जर्सीतला मुलगा डोंबिवलीतल्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो. त्याला मेल त्याच्या सकाळी जायला हवी, आणि मजकुरात "आईबाबांना फोन करून वेळ ठरवू" हे आधी यायला हवं.

किती जणांनी मेल उघडली या आकड्यावर विसंबू नका. २०२१ मध्ये ॲपलने आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे माणसाने न बघताही मेल उघडल्याची नोंद होते. क्लिक, उत्तरं आणि ऑर्डरी मोजा. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स, म्हणजे तुमच्या मेलचं जीमेलवर काय होतं ते दाखवणारं पान, तेही लावून ठेवा. यादी लहान असली तर तिथे आकडे दिसत नाहीत, मोठी झाली की तक्रारींचं प्रमाण कळतं.

पाऊस लागला की हंगामाचा हिशेब सांगणारी मेल पाठवा: काय पिकलं, काय गळलं. दोन वर्षं ज्यांची काहीच हालचाल नाही त्यांना वेगळी मेल, "पुढच्या वर्षी कळवू का?" उत्तर नाही आलं तर नाव काढा. डीमार्कचे अहवाल स्वच्छ असतील तर याच दिवसांत धोरण 'क्वारंटाइन'वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) न्या. मग गणपतीला आमरसाच्या डब्यांची, दिवाळीला खत घातल्याची, अशी एकेक छोटी मेल जाऊ द्या, म्हणजे मोहोराच्या मेलला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.