धंद्यातला कोणता कॉम्प्युटर आधी सांभाळायचा, हे कसं ठरवावं?

लातूरच्या डाळ मिलमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत तुरीची आवक जोरात असते. तेव्हा सगळ्यात मोलाचा कॉम्प्युटर मालकाच्या केबिनमधला नवा लॅपटॉप नसतो, तो वजनकाट्याच्या खोलीतला जुनाट संच असतो. तो बसला की गाड्या गेटबाहेर तुंबतात. म्हणून क्रम लावताना किंमत पाहू नका, काय अडतं ते पाहा.

आधी यादी. वही घेऊन गेटपासून आतपर्यंत फिरा. प्रिंटर, राउटर, कॅमेरे दिसतीलच. न दिसणारंही लिहा: टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा, जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, डिजिटल सहीचा पेन ड्राइव्ह. आणि बँकेचा ओटीपी येतो ते सिमकार्ड. ते कुणाच्या तरी खिशात असतं, म्हणून यादीतून हमखास सुटतं.

मग प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा: हे बंद पडलं तर? यातले आकडे चुकले किंवा कुणी बदलले तर? यातली माहिती बाहेर गेली तर? प्रत्येकाला नुकसानीप्रमाणे १ ते ३ गुण द्या. सरासरी मात्र काढू नका. तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा हाच त्या वस्तूचा दर्जा. वजनकाट्यात गुपित काही नाही, तिथे १. पण तो बंद पडला किंवा वजन चुकलं तर ३. सरासरीत हा काटा उगाच खाली घसरतो.

गुण एकट्याने देऊ नका. मुनीम आणि काट्यावरचा माणूस यांना विचारा, ‘याच्याशिवाय किती वेळ निभेल?’ टॅलीविना एरवी एखादा दिवस निघेल. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांना ११ आणि २० तारखेच्या तोंडावर तासभरही जड जातो. बरोबरीचे गुण पडले, तर कमी वेळ निभणारी वस्तू वर घ्या.

आता जोडण्या तपासा. ३ दर्जाची वस्तू ज्याच्या जिवावर चालते, त्यालाही ३ द्या. काट्याच्या कॉम्प्युटरमागचा इन्व्हर्टर किरकोळ वाटतो, पण वीज गेली की सगळं त्याच्यावरच असतं.

३ दर्जाच्या कॉम्प्युटरला पर्यायी संच आणि डेटाचा रोजचा बॅकअप हवाच, तोही मिलच्या बाहेर ठेवलेला. यादी वर्षातून दोनदा तपासा: दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येण्याआधी आणि तुरीच्या हंगामाआधी. माणूस काम सोडून गेला, तर पासवर्ड त्याच दिवशी बदला.