सांगलीचं पॅकेट सिंगापूरला जाऊ नये म्हणून

सकाळी पावणेसातला सांगलीकडच्या एका दूध संघाच्या हिशेबनीस काकांचा फोन आला. "मॅडम, शेतकरी किटल्या घेऊन रांगेत उभे आहेत आणि एकेका स्लिपला नुसतं चक्र फिरतंय. सर्व्हर बघा की जरा." त्यांचं संकलनाचं सॉफ्टवेअर आमच्या छोट्या क्लाउड कंपनीत, मुंबईत चांदिवलीतल्या रॅकवर चालतं. मी डोंबिवलीत घरीच होते. लॅपटॉप उघडून पाहिलं तर व्हीएम (त्यांच्यासाठी ठेवलेला आभासी सर्व्हर) निवांत, सीपीयू आठ टक्क्यांवर, डिस्कवर काही ताण नाही. मग काकांकडूनच पिंग (माहितीचं पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते) आणि ट्रेसरूट (ते कुठून कुठून जातं ते) चालवून घेतलं आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवला. पिंग १२८ मिलिसेकंद. ट्रेसरूटच्या सहाव्या ओळीत सिंगापूर.

सांगली-मुंबई रस्त्याने पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांचा प्रवास. केबलची वळणं आणि मधले राउटर धरले तरी आठ-दहा. पण काकांचा इंटरनेटवाला एका कंपनीकडून बँडविड्थ घेत होता, आम्ही दुसऱ्या दोघींकडून, आणि त्यांची देशात कुठे गाठच पडत नव्हती. त्यामुळे सांगलीचं पॅकेट मुंबईत यायचं, समुद्राखालून सिंगापूरला जायचं, तिथे हात बदलून पुन्हा मुंबईला आमच्याकडे यायचं. आमचं उत्तरही त्याच वाटेने. मुंबई-सिंगापूर-मुंबई एका फेरीला साठेक मिलिसेकंद, अशा दोन फेऱ्या.

यावर ग्राहकाला मोठी व्हीएम विकणं सोपं असतं. कृपा करून तसं करू नका, कारण पान उघडायला किती खेपा (जाणं आणि उत्तर येणं मिळून एक) लागतात ते सीपीयूवर ठरत नाही. टीसीपीची (दोन संगणकांतल्या जोडणीची) ओळख व्हायला एक खेप, टीएलएस १.३ ला (ती जोडणी कुलूपबंद करायला) एक. मग सर्व्हर पहिल्या खेपेला फक्त दहा पॅकेट्स, म्हणजे १४ केबीच्या आसपास पाठवतो, पुढच्या खेपेला दुप्पट, त्यापुढे आणखी दुप्पट. १०० केबीचं पान पोचेपर्यंत पाच खेपा होतात. १२८ ने गुणलं तर ६४० मिलिसेकंद. तेच ९ ने गुणलं तर ४५. काकांचं सॉफ्टवेअर एका स्लिपसाठी अशा चार-पाच विनंत्या एकामागून एक करतं. रांग का लांबली ते तिथेच कळतं.

उपाय म्हणजे मुंबईतच, इंटरनेट एक्स्चेंजवर, त्या इंटरनेटवाल्याला थेट भेटणं. यालाच पिअरिंग म्हणतात. एक्स्चेंज हा मुळात एक मोठा सामाईक स्विच. प्रत्येक नेटवर्क त्याच्या एका पोर्टला आपली तार लावतं आणि बीजीपीने (नेटवर्कांची आपसातली भाषा) एकमेकांना आपापले रूट, म्हणजे आपल्याकडे यायच्या वाटा, सांगतं.

पोर्टचा अर्ज भरण्याआधी निदान पंधरा दिवस मोजा. राउटरवर नेटफ्लो किंवा एसफ्लो (वाहतुकीची नोंद ठेवणारी सोय) चालू करा. हजारात एक पॅकेट नोंदलं तरी अंदाजाला पुरतं. ती नोंद एनएफडंपसारख्या साधनात टाकून बेरीज आयपीप्रमाणे न करता एएस नंबरप्रमाणे (प्रत्येक नेटवर्कचा स्वतःचा क्रमांक) करा. आपली वाहतूक कुठल्या नेटवर्ककडे जाते याची यादी मिळेल. वरची तीस नावं घ्या आणि पिअरिंगडीबीवर (नेटवर्कांची सार्वजनिक यादी) एकेकाचं पान उघडून तो मुंबईत कुठल्या एक्स्चेंजवर बसतो ते समोर लिहा. मुंबईत निक्सी आहे, जिची स्थापना २००३ ची. डीई-सिक्स (DE-CIX) मुंबई आहे, एक्स्ट्रीम आयएक्स आहे. सदस्यांची संख्या बघून निवड करू नका. आपले ग्राहक ज्या केबलवाल्यांच्या मागे बसलेत ते कुठे आहेत, एवढंच बघा. आमच्या यादीत नाशिक, सांगली, कोल्हापूर, लातूर इथले लहान-मध्यम इंटरनेटवाले भरपूर होते आणि त्यातले बहुतेक एकाच एक्स्चेंजवर सापडले. निर्णय तिथेच झाला.

बडे टेलिकॉम मात्र छोट्या होस्टला फुकट रूट देतील ही आशा ठेवू नका. त्यांच्या ग्राहकांसाठी त्यांच्यापैकी एखाद्याकडून थेट ट्रान्झिट (पैसे मोजून घेतलेली इंटरनेटची वाट) घेणं हाच खरा मार्ग. पोर्ट घेतल्यावर सगळ्यांचं सगळं सुधारेल असं मालकांना सांगितलंत तर महिन्याभरात तुमचीच पंचाईत होईल.

पैशांचा हिशेबही मालकांना नीट मांडून दाखवा. पोर्टचं भाडं ठरावीक असतं. ट्रान्झिटचं बिल बहुधा पंच्याण्णव पर्सेंटाइलवर निघतं: दर पाच मिनिटांना एक नोंद, तीस दिवसांत ८,६४० नोंदी, त्यातल्या सर्वांत वरच्या ४३२ सोडून द्यायच्या. म्हणजे महिन्यात ३६ तासांची गर्दी माफ. गणपतीत एखाद्या मंडळाची आरती रोज दोन तास लाइव्ह गेली तर ती माफीत बसते. रोज संध्याकाळी चार तास चढणारा भार बसत नाही, आणि पिअरिंगने उतरवायचा असतो तो हाच भार.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. स्वतःचा एएस नंबर आणि आयपी ब्लॉक इरिनकडून (भारतात हे नंबर आणि पत्ते वाटणारी संस्था) घ्यायचा. बीजीपीत आयपीव्ही-४ चा स्लॅश २४ आणि आयपीव्ही-६ चा स्लॅश ४८ यांपेक्षा लहान तुकडा बाहेर कोणी घेत नाही. स्लॅशपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा तुकडा लहान. रूट ऑब्जेक्ट (हा ब्लॉक आमचा अशी सार्वजनिक नोंद) नोंदवा, आरओए (कुठला एएस कुठला ब्लॉक, किती लांबीपर्यंत जाहीर करू शकतो याचं डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) बनवा. आणि पिअरिंगडीबीवर एनओसीचा (नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमचा) असा मेल पत्ता द्या, जो माणूस खरोखर वाचतो.

आता तार. रॅकपासून एक्स्चेंजच्या पॅनेलपर्यंत डेटा सेंटरवाले क्रॉस कनेक्ट ओढून देतात: पिवळी सिंगल मोड फायबर, दोन्ही टोकांना दहा गिगाबिटचं एलआर मॉड्यूल (तारेत प्रकाश सोडणारा आणि घेणारा भाग). घाटकोपरहून मेट्रोने साकीनाका, तिथून रिक्षा, असं करत मी त्या दिवशी पोचले तेव्हा लिंक वर आलेली होती आणि टेक्निशियन सही मागत होता. मी आधी राउटरवर येणारा प्रकाश पाहिला. उणे ११ डीबीएम (प्रकाशाची ताकद; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). एलआर मॉड्यूल उणे १४.४ पर्यंत तग धरतं, त्यामुळे दिवा हिरवाच दिसतो, पण एवढ्याशा तारेत इतका प्रकाश हरवायचं काहीच कारण नव्हतं. पॅच पॅनेलवरचा कनेक्टर काढून स्कोपखाली धरला तर मधोमध बोटाचा तेलकट ठसा. क्लीनर पेन दोनदा फिरवला, पुन्हा लावला. उणे ४. हा ठसा तसाच राहिला असता तर पुढे कधीतरी गर्दीच्या संध्याकाळी सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट्स) वाढत गेले असते आणि आम्ही रात्रभर बीजीपीत चूक शोधत बसलो असतो. म्हणून सही करण्याआधी दोन्ही टोकांचा प्रकाश लिहून घ्या.

एक्स्चेंजच्या पोर्टवरून फक्त एकाच मॅक ॲड्रेसची (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) वाहतूक बाहेर पडली पाहिजे. स्पॅनिंग ट्री, एलएलडीपी, सीडीपी, प्रॉक्सी आर्प, आयपीव्ही-६ ची राउटर जाहिरात हे उपकरणांचं आपोआप चालणारं बोलणं सगळं त्या पोर्टवर बंद करा. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० बाइट. बहुतेक एक्स्चेंज तुम्हाला आधी क्वारंटाइन व्हीलॅनमध्ये (इतरांपासून वेगळ्या कप्प्यात) ठेवून हेच तपासतात.

मग बीजीपी. रूट सर्व्हरशी (सदस्यांचे रूट गोळा करून सगळ्यांना देणारा एक्स्चेंजचा सर्व्हर) सेशन लावलं की अनेक सदस्यांचे रूट एकदम मिळतात, प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागत नाही. रूट सर्व्हर स्वतःचा एएस नंबर वाटेत घालत नाही, त्यामुळे काही राउटर पहिला एएस जुळत नाही म्हणून रूट नाकारतात. ती तपासणी त्या सेशनपुरती बंद करावी लागते. आयपीव्ही-४ आणि आयपीव्ही-६ दोन्ही पहिल्याच दिवशी लावा. मोबाइलवरची बरीच गर्दी आता सहावरून येते. आत येणाऱ्या रूटना लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा, मोठा तो आधी) २०० द्या, ट्रान्झिट नेहमीच्या १०० वर राहू द्या. मॅक्स प्रिफिक्सची, म्हणजे एकाकडून जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे याची, मर्यादा घाला. आरपीकेआयमध्ये (आरओएवरून रूट तपासण्याची व्यवस्था) चुकीचे ठरलेले रूट टाकून द्या. बाहेर फक्त स्वतःचे आणि आपल्या ग्राहकांचे रूट जाऊ द्या. ट्रान्झिटकडून शिकलेला एकही रूट एक्स्चेंजवर गेला तर दुसऱ्यांची वाहतूक तुमच्या दारातून वाहायला लागेल. एक्स्चेंजच्या स्वतःच्या लॅनचा ब्लॉकही बाहेर जाहीर करायचा नाही.

एवढं सगळं करून मी रात्री अकराला काकांच्या नेटवर्ककडे ट्रेसरूट चालवला. चार हॉप (टप्पे), सगळे मुंबईतले. फार आनंद झाला. मग पिंग पाहिला: ६८.

इथे पुष्कळ जण थांबतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं काम इथूनच सुरू होतं. ट्रेसरूटमध्ये दिसते ती जाण्याची वाट. पिंगचा आकडा मात्र जाणं आणि येणं मिळून असतो. आमची पॅकेट्स सांगलीला थेट जात होती, सांगलीची उत्तरं अजूनही सिंगापूरहून येत होती. एक फेरी वाचली होती, दुसरी तशीच होती. काकांना सकाळी उलट ट्रेसरूट करायला सांगितलं तर सहाव्या ओळीत तेच सिंगापूर.

कारण आमच्याच घरात निघालं. आमचा ब्लॉक स्लॅश २२, म्हणजे १,०२४ पत्ते. ट्रान्झिट कंपन्यांना आम्ही जुन्या काळापासून त्याचे चार स्लॅश २४ करून देत होतो, दोन कंपन्यांत भार वाटता यावा म्हणून. एक्स्चेंजवर मात्र मी नीटनेटका एकच स्लॅश २२ जाहीर केला. राउटर रूट निवडताना सगळ्यात आधी अधिक नेमका ब्लॉक बघतो. लोकल प्रेफरन्सची तुलना होते ती सारख्याच लांबीच्या दोन रूटमध्ये. काकांच्या इंटरनेटवाल्याने एक्स्चेंजला कितीही पसंती दिलेली असली तरी त्याच्याकडे ट्रान्झिटमार्गे स्लॅश २४ येत होता, आणि तोच जिंकत होता. २४ फेब्रुवारी २००८ ला यूट्यूब जगभर बंद पडलं ते याच नियमामुळे. यूट्यूबच्या स्लॅश २२ मधला एक स्लॅश २४ पाकिस्तान टेलिकॉमने जाहीर केला आणि जगातले राउटर तिकडे वळले.

मी घाईने एक्स्चेंजवरही चारही स्लॅश २४ सोडले. पिंग ६८ वरच. मग एक्स्चेंजचं लुकिंग ग्लास (रूट सर्व्हरला कुठले रूट दिसतात ते दाखवणारं पान) उघडून आमचा एएस नंबर शोधला, तर चारही रूटसमोर 'इनव्हॅलिड'. आमचा आरओए स्लॅश २२ चा होता आणि कमाल लांबीही २२ च. रूट सर्व्हर आरपीकेआय तपासत होता, म्हणून त्याने स्लॅश २४ फेकून दिले. आमच्या ट्रान्झिट कंपन्या तपासत नव्हत्या, म्हणून इतके दिवस ती चूक कोणाला दिसलीच नव्हती.

दोन मार्ग होते. एक, चार स्लॅश २४ साठी नेमके चार आरओए बनवणं. दुसरा, ट्रान्झिटवरचे तुकडे काढून सगळीकडे एकच स्लॅश २२ जाहीर करणं. मी दुसरा घेतला आणि तुम्हालाही तोच सुचवीन. भार वाटण्यासाठी कम्युनिटी (रूटला लावायच्या सूचनेच्या खुणा) आहेत, एएस प्रिपेंड (आपला एएस नंबर पुन्हापुन्हा लिहून वाट लांब दाखवणं) आहे. त्यासाठी ब्लॉकचे तुकडे करून जगाच्या राउटिंग टेबलात तीन जादा ओळी भरायची गरज नाही. तुकडे ठेवायचेच असतील तर जे ट्रान्झिटला ते आणि तेच एक्स्चेंजला, प्रत्येकाच्या नेमक्या आरओएसकट. आधी सगळीकडे स्लॅश २२ पोचलाय याची खात्री केली आणि रविवारी पहाटे तीन वाजता स्लॅश २४ एकेक करून काढले. शेवटचा निघाल्यावर पिंग ६८ वरून ९ वर उतरला. मी तो आकडा पाच मिनिटं नुसता बघत बसले होते.

त्यामुळे पोर्ट लावल्यावर पहिली तपासणी लुकिंग ग्लासवर करा आणि दुसरी ग्राहकाच्या बाजूने. परतीची वाट समोरच्याचा राउटर ठरवतो. आपल्या हातात असतं ते आपण कुठे काय जाहीर करतो एवढंच.

पुढचं काम माणसांचं आहे. यादीतल्या वरच्या नेटवर्कांशी रूट सर्व्हरशिवाय थेट सेशनही लावा, म्हणजे रूट सर्व्हर बिघडला तरी मोठी वाहतूक चालू राहते. त्यासाठी चार ओळींची मेल पुरते: आपला एएस नंबर, एक्स्चेंजवरचे दोन्ही आयपी, किती प्रिफिक्स (पत्त्यांचे ब्लॉक) देणार, आणि आपल्याकडून त्यांच्याकडे किती वाहतूक जाते तो आकडा. हा आकडा लिहिला की उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे. इनॉगसारख्या नेटवर्कवाल्यांच्या मेळाव्यात चहाच्या वेळी तोंडओळख झाली असेल तर त्याहून लवकर.

एक धोका सांगून ठेवते. एक्स्चेंजच्या स्विचमध्ये मधेच काही बिघडलं तर तुमचा पोर्ट वरच दिसतो, पण पॅकेट्स पलीकडे पोचत नाहीत. बऱ्याच राउटरवर बीजीपीचा होल्ड टाइम (समोरचा गप्प झाला तर किती वेळ वाट बघायची तो) १८० सेकंदांचा असतो, म्हणजे तीन मिनिटं सगळं हवेत. समोरचा तयार असेल तर बीएफडी (वाट तुटली हे पटकन ओळखणारी सोय) लावा, नसेल तर होल्ड टाइम कमी करण्याबद्दल त्याच्याशी बोला. स्वतः देखभालीसाठी सेशन पाडायचं असेल तर आधी ६५५३५:० ही कम्युनिटी लावून रूट पाठवा. ती मानणारे राउटर आपली वाहतूक आधीच दुसरीकडे वळवतात आणि रांगेतल्या कोणाला काही जाणवत नाही. दुसऱ्या एक्स्चेंजवर पोर्ट घेतलात तर दोन्हींचा भार निम्म्याखाली ठेवा, एक गेला तर दुसऱ्याने सगळं पेलायला हवं.

काकांच्या कार्यालयातल्या जुन्या पीसीवर आता एक छोटी स्क्रिप्ट चालते. दर पाच मिनिटांनी ती आमच्याकडे पिंग करून आकडा पाठवते. असे अकरा पीसी आम्ही अकरा गावांतल्या ग्राहकांकडे विनंती करून ठेवले आहेत. आठ ठिकाणी आकडा पंधराच्या आत आहे. तीन अजून शंभराच्या वर आहेत, त्यातल्या लातूरच्या इंटरनेटवाल्याला परवा मेल गेली आहे. त्याचा पोर्ट दुसऱ्या एक्स्चेंजवर आहे, म्हणून तिथला अर्ज टेबलावर भरून ठेवला आहे.